हाय फॅट डाएटचं उंदीर-मॉडेल: प्रयोग लावण्याआधी कंट्रोलचं खाणं बघा

मागच्या महिन्यात पीएचडीची एक विद्यार्थिनी तिचा डेटा घेऊन माझ्याकडे आली. १६ उंदीर, १४ आठवडे. वजनाचा आलेख देखणा होता. हाय फॅट डाएटवरचे उंदीर ४५ ग्रॅमच्या पुढे गेलेले, कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, ३० च्या आसपास. ग्लुकोज टॉलरन्स, म्हणजे दिलेली साखर रक्तातून हटवण्याची क्षमता, बिघडलेला, यकृतात चरबी साठलेली. मी एकच विचारलं, "कंट्रोलला काय घातलंस?"

"नेहमीचे पेलेट्स, मॅडम."

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये रोज मिळणारे ते पेलेट्स गहू, मका, सोयाबीनची पेंड अशा धान्यांपासून बनतात. त्यात तंतू भरपूर असतात, सोयातले इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असतात, आणि धान्य बदललं की दर बॅचला घटकांचं प्रमाण थोडं बदलतं. तिचं हाय फॅट खाद्य मात्र शुद्ध घटकांचं होतं: केसीन (दुधातलं प्रथिन), साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, सेल्युलोज आणि डुकराची चरबी. म्हणजे दोन ग्रुपमध्ये फरक फक्त चरबीचा नव्हता. प्रथिनांचा स्रोत वेगळा, साखर वेगळी, तंतू वेगळे. आतड्यातले जिवाणू ज्यावर जगतात ते विरघळणारे तंतू शुद्ध खाद्यात जवळजवळ नसतात आणि त्यामुळे मोठं आतडं आकसतं, हे आता चांगलं माहीत आहे. मग तिच्या उंदरांना जे झालं ते चरबीमुळे झालं की तंतू नसल्यामुळे? तिच्या डेटातून हे सांगता येत नव्हतं. १६ जीव गेले होते आणि प्रश्न तिथेच होता.

लठ्ठपणाच्या प्रयोगात खाद्य हेच औषध असतं आणि कंट्रोलचं खाद्य हे त्याचं व्हेइकल, म्हणजे औषध न मिसळलेलं नुसतं द्रावण. ज्या काळजीने आपण औषधाचा डोस मोजतो त्याच काळजीने खाद्य मोजलं पाहिजे. पुढचं सगळं मी याच नजरेने लिहिते आहे.

कुठलं मॉडेल, कुठल्या प्रश्नासाठी

लठ्ठ उंदीर अनेक प्रकारचे मिळतात आणि ते एकमेकांना पर्याय नाहीत. अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली सापडलेला ओबी-ओबी उंदीर भूक आवरणारं लेप्टिन हार्मोन बनवू शकत नाही. ते लेप्टिन कुठलं, हे १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने जीन शोधून दाखवलं. डीबी-डीबी उंदरात लेप्टिन असतं, पण ते ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर बिघडलेला असतो. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या विस्टार कॉलनीत आपोआप उपजलेले डब्ल्यूएनआयएन-ओबी हे लठ्ठ रॅट्स, म्हणजे मोठे उंदीर, आहेत, त्यांना लठ्ठ व्हायला चरबीयुक्त खाद्य लागतच नाही. ही सगळी मॉडेल्स मोलाची आहेत, पण माणसांमध्ये एका जीनमुळे येणारा लठ्ठपणा दुर्मीळ असतो. खाण्यामुळे येणारा लठ्ठपणा, त्यातून येणारा इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) आणि यकृतातली चरबी बघायची असेल तर खाद्यानेच लठ्ठ केलेला उंदीर घ्या.

त्याची मर्यादाही आधीच माहीत असू द्या. सी-५७ ब्लॅक-६ ही अशा प्रयोगांत नेहमी वापरली जाणारी उंदराची जात. हा उंदीर हाय फॅट खाद्यावर भरपूर इन्सुलिन बनवतो आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात ठेवतो. उघड मधुमेह सहसा होत नाही. तुम्हाला वाढलेली उपाशीपोटीची साखर हवी असेल तर मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेतून २००५ साली आलेली पद्धत बघा: मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅट्सना, दोन आठवडे हाय फॅट खाद्य आणि मग किलोला ३५ मिलिग्रॅम इतका कमी डोस स्ट्रेप्टोझोटोसिन. आधी इन्सुलिन रेझिस्टन्स येतो, मग या औषधाने इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थोड्या मारल्या जातात. हे प्रतिरूप टाइप २ च्या जवळ जातं. नुसतं जास्त डोसचं स्ट्रेप्टोझोटोसिन दिलं तर ते टाइप १ सारखं होतं. तरीही कित्येक प्रबंधांत त्याला टाइप २ म्हटलेलं असतं, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

यकृतात फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे कडक तंतू, हवा असेल तर ६० टक्के चरबीचं खाद्य पुरत नाही. त्याने चरबी साठते, व्रण फारसे येत नाहीत. त्यासाठी चरबीबरोबर फ्रुक्टोज आणि कोलेस्टेरॉल असलेलं खाद्य आणि बराच जास्त काळ लागतो. मेथिओनिन-कोलीन नसलेलं खाद्य यकृत झटपट बिघडवतं, पण त्यावर उंदीर वाळतो. लठ्ठपणाच्या अभ्यासात ते बसत नाही.

कागदपत्रं

परवानगीशिवाय उंदराला हात लावायचा नाही. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आणि १९९८ चे प्रयोगांविषयीचे नियम यांखाली सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती काम करते. बहुतेक लोक अजूनही तिला सीपीसीएसईए म्हणतात. तुमच्या संस्थेची आयएईसी म्हणजे प्राणी नैतिकता समिती तुमचा फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, तपासेल. त्यात उंदरांची संख्या का तेवढीच, हे लिहावं लागतं. तिथे "मागच्या पेपरप्रमाणे" लिहू नका. हिशोब मांडा.

हिशोब साधा आहे. ८० टक्के पॉवरसाठी, म्हणजे खरा फरक असेल तर तो पकडण्याची ८० टक्के शक्यता हवी असेल तर, एका ग्रुपमधली संख्या साधारण १६ भागिले परिणामाच्या आकाराचा वर्ग. परिणामाचा आकार म्हणजे अपेक्षित फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा विखुरलेपणा). समजा ग्लुकोजमध्ये १५० चा फरक अपेक्षित आहे आणि तुमच्या लॅबमधलं स्टँडर्ड डेव्हिएशन १०० आहे. परिणाम १.५, त्याचा वर्ग २.२५, उत्तर ७.१. म्हणजे ८ उंदीर, आणि गळतीसाठी धरून १०. स्टँडर्ड डेव्हिएशन तुमच्याच लॅबच्या जुन्या डेटातून घ्या.

उंदीर मागवताना

ब्लॅक-६ म्हटलं की काम झालं असं नाही. जॅक्सनच्या "जे" सबस्ट्रेनमध्ये (उपजातीत) एनएनटी नावाच्या जीनमध्ये दोष आहे आणि त्याचा इन्सुलिनच्या स्रावावर परिणाम होतो. "एन" सबस्ट्रेनमध्ये तो दोष नाही. अर्धे उंदीर एकीकडून आणि अर्धे दुसरीकडून आले आणि नॉकआउट (एखादा जीन बंद केलेले उंदीर) एका सबस्ट्रेनवर, कंट्रोल दुसऱ्यावर असेल तर तुम्ही जीन नव्हे, सबस्ट्रेन मोजत आहात. पुरवठादाराकडून सबस्ट्रेन लेखी घ्या.

६ ते ८ आठवड्यांचे नर लवकर लठ्ठ होतात. माद्या सावकाश आणि कमी. म्हणून माद्या टाळण्याची सवय पडली आहे, पण तुमचं औषध पुढे बायकांनाही द्यायचं असेल तर माद्यांचा ग्रुप ठेवा आणि त्यांना जास्त आठवडे द्या. उंदीर आल्यावर किमान एक आठवडा नुसते राहू द्या. प्रवासाने त्यांचं वजन उतरलेलं असतं.

खाद्य

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

बाजारातल्या तयार खाद्यांपैकी ६० टक्के कॅलरी चरबीतून देणारं डी-१२४९२ सगळ्यात जास्त वापरलं जातं. ४५ टक्केवाल्याचा नंबर डी-१२४५१. प्रत्येकाला जोडीचं कंट्रोल वेगळं आहे. डी-१२४९२ बरोबर डी-१२४५०-जे घ्या, कारण त्यात साखरेचं प्रमाण जुळवलेलं आहे. जुन्या पेपरमध्ये डी-१२४५०-बी दिसतं, त्यात साखर खूप जास्त असते. शेवटचं एक अक्षर बदललं की कंट्रोल बदलतो, म्हणून ऑर्डर देताना ते अक्षर दोनदा वाचा. ६० टक्के चरबी माणसाच्या ताटापेक्षा पुष्कळ जास्त आहे. लठ्ठपणा लवकर आणि खात्रीने हवा असेल तर ती ठीक, पण आहारातल्या छोट्या बदलाचा अभ्यास करायचा असेल तर ४५ टक्केवालं घ्या.

परदेशी खाद्याचा खर्च आपल्या बऱ्याच कॉलेजांना झेपत नाही. मग काय करतात? पेलेट्स दळून त्यात डालडा नाहीतर साजूक तूप कालवतात. याचं नेमकं काय होतं ते एकदा कागदावर मांडू.

समजा १०० ग्रॅम पेलेट्समध्ये २० ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम चरबी आणि ५२ ग्रॅम कर्बोदकं आहेत. कॅलरी झाल्या ८०, ३६ आणि २०८, एकूण ३२४. प्रथिनांचा वाटा सुमारे २५ टक्के. यात ४० ग्रॅम तूप घातलं की ३६० कॅलरी वाढल्या, एकूण ६८४. चरबीचा वाटा ५८ टक्के झाला, हवा होता तसा. पण प्रथिनं अजूनही ८० कॅलरीचीच आहेत, म्हणजे वाटा उतरला ११.७ टक्क्यांवर. जीवनसत्त्वं आणि क्षारही कॅलरीमागे निम्म्याहून कमी झाले. वाढत्या वयाचा उंदीर आता चरबीही जास्त खातोय आणि प्रथिनांच्या तुटवड्यातही आहे. लठ्ठपणा आणि कुपोषण हे दोन प्रयोग एकाच पिंजऱ्यात चालू झाले.

स्वतः खाद्य बनवायचंच असेल तर दळलेल्या पेलेट्सऐवजी शुद्ध घटकांपासून बनवा. केसीन, जीवनसत्त्वांचं मिश्रण आणि क्षारांचं मिश्रण कॅलरीच्या हिशोबाने जुळवा, ग्रॅमच्या नव्हे. आणि त्याच घटकांचं, फक्त चरबी कमी व स्टार्च जास्त असं कंट्रोल त्याच दिवशी बनवा. डालडा घ्यायचा असेल तर त्यात ट्रान्स फॅट किती आहे ते बघून घ्या, त्याचा स्वतंत्र परिणाम होतो. साजूक तूप, डुकराची चरबी आणि वनस्पती तूप हे तीन वेगळे प्रयोग आहेत.

किती लागेल? १० उंदीर, रोज साधारण ३ ग्रॅम, १४ आठवडे, म्हणजे जवळजवळ ३ किलो. सांडलवंड धरून ४ ते साडेचार किलो मागवा, आणि सगळं एकाच लॉटचं. उणे २० अंशांना ठेवा. आठवड्यातून दोनदा पिंजऱ्यातलं उरलेलं काढून ताजं घाला, कारण चरबी खवट होते. मे महिन्यात एसी बंद पडला तर ६० टक्केवाले पेलेट्स मऊ होऊन जाळीतून चिकट गोळ्यांसारखे खाली पडतात. मी दुपारी पिंजरा उघडल्यावर भुशात रुतलेले ते गोळे वेचून वजन केलं आहे, आणि त्या दिवशी "खाल्लेलं" म्हणून लिहिलेल्या खाद्यातलं बरंचसं भुशातच निघालं. म्हणून जाळीवरचं वजन करून थांबू नका, भुसा चाळून सांडलेलंही मोजा. हाय फॅट खाद्यावर उंदीर ग्रॅममध्ये कमी आणि कॅलरीत जास्त खातो, कारण त्याच्या ग्रॅमला ५.२ कॅलरी आणि कंट्रोलच्या ग्रॅमला ३.८ असतात. तक्ता नेहमी कॅलरीत करा.

पिंजरा आणि रोजची निगा

खाद्य पिंजऱ्याला दिलं जातं, म्हणून हिशोबाचं एकक पिंजरा आहे, एकेक उंदीर नव्हे. ५-५ चे दोन पिंजरे केलेत तर काटेकोर हिशोबाने तुमच्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये दोनच नमुने आहेत. २-२ चे पाच पिंजरे कितीतरी बरे. एकेकटा उंदीर ठेवू नका. तो थंडीत कुडकुडतो, त्याला सोबत नसते, आणि दोन्हींचा चयापचयावर परिणाम होतो. एकत्र वाढलेल्या नरांना मध्येच वेगळं करून पुन्हा एकत्र टाकलं तर ते एकमेकांना फाडतात, म्हणून वजनानुसार विभागणी आधीच करून घ्या.

तापमानाचं जरा सविस्तर सांगते. नियमांनुसार खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत चालतं. माणसाला आरामाचे वाटणारे २२ अंश उंदराला थंड असतात. त्याचा आराम साधारण ३० अंशांवर असतो. थंडीत तो ऊब राखण्यासाठी बरीच ऊर्जा जाळतो, म्हणून तुमचं औषध ऊर्जाव्यय वाढवतं की नाही हे २२ अंशांवर नीट कळत नाही. ३० अंशांची खोली मिळत नसेल तर घरटं करायला भरपूर कागद किंवा कापूस द्या आणि तापमान रोज लिहा. दोन ग्रुपच्या रॅक एकाच भिंतीला हव्यात. एक ग्रुप एसीच्या झोताखाली आणि दुसरा दारापाशी असं होता कामा नये.

आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी वजन करा. शेपटीला धरून उचलण्याऐवजी ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचला, उंदीर खूप कमी घाबरतो. वजन करताना दात बघा. मऊ खाद्यावर दात झिजत नाहीत, लांब वाढतात, आणि मग खाता न आल्याने वजन उतरतं. तुम्हाला वाटतं औषध लागू पडलं. ब्लॅक-६ मध्ये मानेवर, पाठीवर खाजवून होणाऱ्या जखमाही नेहमीच्या आहेत. कुठल्या जखमेला प्रयोग थांबवायचा हे आधीच लिहून ठेवा आणि पशुवैद्याला बोलवायला लाजू नका.

सगळे उंदीर सारखे लठ्ठ होत नाहीत. काही बारीकच राहतात. त्यांना आकडेवारीतून वगळायचं असेल तर निकष प्रयोगाआधी लिहिलेला हवा. नंतर वगळणं म्हणजे उत्तर हातानं घडवणं.

ग्लुकोज आणि इन्सुलिनच्या चाचण्या

१२ व्या आठवड्याच्या आसपास ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट घ्या. रात्रभर उपाशी ठेवू नका. उंदीर मुख्यतः रात्री खातो. रात्रभर उपास म्हणजे त्याच्यासाठी दीर्घ उपासमार असते. यकृतातलं ग्लायकोजेन संपतं, वजन लक्षणीय उतरतं. सकाळी ७ वाजता दिवे लागले की खाद्य काढा आणि दुपारी १ ला चाचणी सुरू करा. ६ तास पुरतात. खाद्य काढताना पिंजराही बदला. जुन्या भुशात लपवलेले तुकडे असतात, आणि उपाशी उंदीर लेंड्याही खातो. मक्याच्या कणसाचा भुसा असेल तर तोही खातो, म्हणून उपासाच्या पिंजऱ्यात साधा कागदाचा चुरा बरा.

२० टक्के ग्लुकोज, वजनाच्या ग्रॅमला १० मायक्रोलिटर, पोटात टोचून. म्हणजे किलोला २ ग्रॅम. इथे लठ्ठ उंदरांत एक सापळा आहे. ३० ग्रॅमच्या उंदराला ६० मिलिग्रॅम मिळतं, ४८ ग्रॅमच्याला ९६. दोघांचं चरबीविरहित वजन मात्र जवळपास सारखंच असतं, आणि ग्लुकोज प्रामुख्याने स्नायूच उचलतात. साहजिकच लठ्ठ उंदराचा आलेख वर जातो, त्यात काही भाग निव्वळ जास्त डोसचा. शरीररचना मोजायची सोय असेल तर डोस चरबीविरहित वजनावर द्या, नसेल तर सगळ्यांना एकच ठरलेली मात्रा द्या. काहीही करा, पण लिहा.

शेपटीच्या टोकाला एक छोटा छेद आणि तिथूनच ०, १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना थेंब. सगळ्या स्ट्रिप्स एका लॉटच्या. बऱ्याच ग्लुकोमीटरवर ६०० च्या पुढे "हाय" येतं. तिथे ६०० लिहून मोकळं होऊ नका, पातळ करून किंवा लॅबच्या किटवर मोजा. ० आणि १५ मिनिटांचं रक्त इन्सुलिनसाठी थोडं जास्त घ्या. लाल झालेला, फुटलेल्या पेशींचा प्लाझ्मा टाकून द्या, त्यात इन्सुलिन तुटतं.

इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट, म्हणजे इन्सुलिन टोचून साखर किती उतरते ते बघणं, एका आठवड्याच्या विश्रांतीनंतर. किलोला ०.७५ युनिट. आपल्याकडची नेहमीची कुपी मिलिलिटरला ४० युनिटची असते, इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट असतात. परदेशी प्रोटोकॉल बहुतेक १०० धरून लिहिलेले असतात. विद्यार्थी असताना मी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन कुपीच्या हिशोबाने पातळ केलं. अडीच पट डोस गेला. ४० मिनिटांत दोन उंदीर आडवे झाले, एकाचे पाय थरथरत होते. २० टक्के ग्लुकोज टोचेपर्यंत एक हातातच गेला. त्या दिवसापासून मी ही दोन ओळींची पद्धत भिंतीवर लावते: आधी कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मग मिलिलिटरला १ युनिट होईल इतकं पातळ करायचं, म्हणजे ४० च्या कुपीतलं ४० पट आणि १०० च्या कार्ट्रिजमधलं १०० पट. त्यातलं ०.७५ मिलिलिटर १० मिलिलिटर करायचं. हे द्रावण ग्रॅमला १० मायक्रोलिटर दिलं की डोस बरोबर बसतो. इतकं पातळ इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून सलाइनमध्ये थोडं अल्ब्युमिन (एक प्रथिन) घाला. आणि चाचणी सुरू करण्याआधी ग्लुकोजची सिरिंज भरून टेबलावर ठेवा.

शेवटचा दिवस

उपासाचे तास सगळ्यांना सारखे हवेत, म्हणून ग्रुप आलटून पालटून घ्या. सकाळी सगळे कंट्रोल आणि दुपारी सगळे लठ्ठ असं करू नका. वृषणाजवळची, मांडीच्या कातडीखालची आणि आतड्याभोवतीची चरबी वेगवेगळी तोला. खूप लठ्ठ उंदरात १६ आठवड्यांच्या पुढे वृषणाजवळची चरबी कमी होऊ लागते. तिथल्या चरबीपेशी मरतात आणि चरबी यकृताकडे वळते. तो आकडा बघून उंदीर सुधारला असं समजू नका, त्याच दिवशी यकृताचं वजन बघा. यकृताचा एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये, एक गोठवून. ऑइल रेड ओ ने चरबी रंगवायची तर गोठवलेलाच लागतो, पॅराफिनमध्ये चरबी धुऊन जाते.

ऊर्जाव्यय मोजला असेल तर त्याला वजनाने भागू नका. लठ्ठ उंदराचा आकडा नुसत्या भागाकाराने खोटा कमी दिसतो. वजन हे सोबत बदलणारं कारण (सहचल) धरून अनॅलिसिस ऑफ कोव्हेरिअन्स ही सांख्यिकी पद्धत वापरा.

आपल्या लोकांसाठी या मॉडेलमध्ये अजून एक गोष्ट कमी आहे, ती मला फार जवळची वाटते. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ५० पिढ्या अपुऱ्या खाद्यावर वाढलेले रॅट्स अभ्यासले. त्यांच्यात इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी होतं, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर नेहमीचं खाद्य दिलं तरी ते पूर्ववत झालं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांमध्ये जे दाखवलं, वजनाने कमी पण चरबीने जास्त, त्याच्याशी हे जुळतं. धष्टपुष्ट अमेरिकी उंदराला चरबी खाऊ घालून आपल्या गावातल्या मधुमेहाचं पूर्ण चित्र मिळत नाही. तुमच्या लॅबला जमत असेल तर आईला गर्भारपणी कमी प्रथिनांचं खाद्य देऊन पिल्लांना पुढे हाय फॅटवर टाका. तिथेही आईच्या कंट्रोल खाद्यात कॅलरी जुळवलेल्या हव्यात.

पेपर लिहिताना खाद्याचा पूर्ण नंबर, लॉट, ग्रॅममागच्या कॅलरी, कंट्रोलचा नंबर, खोलीचं तापमान, पिंजऱ्यातली संख्या आणि उपासाचे तास पद्धतीच्या भागात द्या. आणि दोन्ही खाद्यांचे १००-१०० ग्रॅम हवाबंद पिशवीत, लॉट नंबर लिहून, उणे २० ला पेपर छापून येईपर्यंत ठेवा. रिव्ह्यूअरने फॅटी अ‍ॅसिडचं विश्लेषण मागितलं तर दुसरा कुठलाही मार्ग उरलेला नसतो.